लेणी वाचता आली पाहिजेत

ठाणे जिल्ह्याचे गॅझेटियर १८८२ साली प्रसिद्ध झाले, तेव्हा कान्हेरी, सोपारा आणि लोनाड ही तिन्ही बौद्ध स्थळे एकाच जिल्ह्यात होती आणि एकाच ग्रंथात त्यांची वर्णने आली होती. आज कान्हेरी मुंबई उपनगर जिल्ह्यात आहे, १ ऑगस्ट २०१४ पासून सोपारा पालघरमध्ये गेले आहे आणि भिवंडी तालुक्यातले लोनाड तेवढे ठाण्याकडे उरले आहे. कारभाराच्या सोयीसाठी जिल्हे विभागले जातात, त्याबद्दल तक्रार करण्याचे कारण नाही. पण या वाटणीत एक सलग इतिहासही वाटला गेला आणि त्याचा कोणताच तुकडा कोणाला पुरता आपला वाटेनासा झाला. ठाण्यातल्या माणसाला कान्हेरी म्हणजे बोरिवलीची सहल वाटते, सोपारा म्हणजे पश्चिम रेल्वेवरचे एक गर्दीचे स्थानक वाटते आणि लोनाडचे नाव बहुतेकांनी ऐकलेलेही नसते. ठाण्याच्या इतिहासावर होणारी भाषणे शिलाहारांपासून सुरू होतात, अंबरनाथच्या शिवमंदिरापाशी थांबतात आणि तिथून थेट पोर्तुगीजांवर व मराठ्यांवर येतात. त्याआधीची जवळजवळ हजार वर्षे त्यात नसतात, आणि ती हजार वर्षे याच डोंगरांत कोरलेली आहेत.

ही लेणी केवळ राखून भागणार नाही, ती उभ्या उभ्या वाचता येतील अशी सोय झाली पाहिजे आणि ती सोय करण्यात ठाणे, कल्याण व नवी मुंबई या शहरांनी पुढाकार घेतला पाहिजे, असे माझे मत आहे. या शहरांचा या लेण्यांशी संबंध काय, असे कोणी विचारले तर त्याचे उत्तर खुद्द कान्हेरीच्या भिंतींवर आहे. तिथे शंभराहून अधिक लेणी आहेत आणि त्यांतल्या ब्राह्मी लेखांत दाते आपापली गावे सांगतात. कल्याणच्या सामिदत नावाच्या सोनाराने पाण्याची पोढी, म्हणजे खडकातले टाके, खोदून दिली. सोपाऱ्याच्या नागपालित नावाच्या मणिकाराने आणखी एक पोढी दिली. कल्याणच्या नंद नावाच्या लोहाराने वाट करून दिली. चेमुल, म्हणजे आजचे चौल, इथल्या दात्यांचेही लेख आहेत, आणि दात्यांमध्ये व्यापारी जसे आहेत तशा भिक्षुणी आणि घरसंसार करणाऱ्या स्त्रियाही आहेत. एका लेखात मंगलथान गावातले शेत दान दिल्याचा उल्लेख आहे. ते गाव म्हणजे बोरिवलीजवळचे मागाठाणे, असे अभ्यासक मानतात.

राजांच्या प्रशस्ती आपल्याला बऱ्याच ठिकाणी सापडतात. सोनार, लोहार आणि मणिकार यांनी आपले नाव, आपला धंदा आणि आपले गाव सांगून लिहून ठेवलेले लेख इतक्या संख्येने फार थोड्या ठिकाणी आहेत. सामिदताने राजवाडा बांधला नाही की विजयस्तंभ उभारला नाही. चार महिने कोसळणारा आणि उरलेले आठ महिने न फिरकणारा पाऊस ज्या डोंगरावर पडतो, तिथे त्याने पाणी साठवायची सोय केली. कान्हेरीत हिंडताना या सोयीची हुशारी पावलोपावली दिसते. लेण्यांच्या कपाळावर आणि अंगणात खडकातच बारीक पन्हाळी कापल्या आहेत, त्या उतारावरचे पाणी वळवून पोढ्यांकडे नेतात, आणि बहुतेक लेण्यांना ओसरीच्या बाजूलाच आपली स्वतंत्र पोढी आहे. वर्षावासासाठी, म्हणजे पावसाळ्यातल्या मुक्कामासाठी, येऊन पुढे कायम वस्ती करू लागलेल्या भिक्षुसंघाला उन्हाळाभर पुरेल एवढे पाणी याच व्यवस्थेतून मिळे. टँकरच्या वेळापत्रकावर दिवस मोजणाऱ्या आपल्या गृहसंकुलांनी ही व्यवस्था एकदा जवळून पाहावी, असे मला मनापासून वाटते.

याच डोंगरावरचा दुसरा एक लेख शके ७६५ चा, म्हणजे इसवी सन ८४३ च्या सुमाराचा आहे. तो शिलाहार राजा पुल्लशक्ती याच्या काळातला. त्याच्या पदरच्या विष्णुगुप्त नावाच्या वृद्ध अधिकाऱ्याने कृष्णगिरीच्या, म्हणजे कान्हेरीच्या, संघासाठी द्रम्मांची (त्या काळच्या नाण्यांची) ठेव ठेवली आणि तिच्या उत्पन्नातून काय काय व्हावे ते नोंदवले: बुद्धाची पूजा, विहाराची, म्हणजे भिक्षूंच्या निवासाची, डागडुजी, भिक्षूंची वस्त्रे (चीवरे) आणि ग्रंथ. ज्या शिलाहारांपासून आपण ठाण्याचा इतिहास सुरू करतो त्यांच्याच राजवटीतला हा लेख आहे, आणि तरीही शिलाहारांचे गौरवगान करताना तो आपल्याला आठवत नाही. शिलाहार घराणे शिवभक्त होते. तरी त्यांचा एक अधिकारी बौद्ध विहाराच्या डागडुजीसाठी आणि पुस्तकांसाठी वेगळे पैसे बाजूला काढतो, ही गोष्ट त्या काळाविषयी बरेच काही सांगून जाते. शिवाय डागडुजी आणि ग्रंथ ही दोन्ही कलमे त्याने एकाच लेखात घातली आहेत. वास्तू टिकवणे आणि तिथले ज्ञान टिकवणे हे एकाच जबाबदारीचे भाग आहेत, हे बाराशे वर्षांपूर्वीच्या त्या कारभाऱ्याला कळत होते. आपण पहिले कलम जेमतेम पाळतो आणि दुसरे पार सोडून दिले आहे.

सोडून दिले आहे असे मी म्हणतो, कारण शिलालेखासमोर उभ्या राहिलेल्या सामान्य मराठी वाचकाला तो काय सांगतो हे तिथल्या तिथे कळण्याची सोय नाही. त्याला दिसतात त्या भिंतीवरच्या काही रेघा, आणि तो पुढे सरकतो. तीन क्रमांकाच्या लेण्यातल्या चैत्यगृहातही, म्हणजे स्तूप असलेल्या पूजेच्या दालनातही, तेच होते. हे चैत्यगृह सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णीच्या काळात, इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात, गजसेन आणि गजमित्र या व्यापारी भावांच्या पुढाकाराने कोरले गेले. त्याची लांबी सुमारे २६ मीटर आहे आणि आत ३४ खांब आहेत. दारातून आत शिरल्यावर नजर सरळ शेवटच्या स्तूपाकडे जाते आणि खांबांकडे कोणाचे लक्ष जात नाही. पण तिथे थोडे थांबावे. दर्शनी भागाजवळच्या खांबांना खाली कलश आहेत, वर शीर्षे आहेत, आणि काही शीर्षांवर हत्ती सोंडेत घागरी धरून मधल्या बोधिवृक्षावर पाणी ओतत आहेत. जसजसे आत जावे तसतसे हे काम थांबते आणि पुढचे खांब साधे अष्टकोनी उरतात. एका बाजूला अकरा खांबांचे कोरीवकाम झाले आहे, तर दुसऱ्या बाजूला सहाचेच. पैसा संपला, दाते आटले की राजवट बदलली, हे ठरवणे अभ्यासकांचे काम आहे. पण दगडात काम कोणत्या क्रमाने पुढे सरकत होते हे अशा अपुऱ्या जागी जितके स्वच्छ दिसते तितके पुऱ्या झालेल्या लेण्यात कधी दिसत नाही.

ओसरीत दोन्ही बाजूंना उभ्या असलेल्या बुद्धाच्या प्रचंड मूर्ती, प्रत्येकी सुमारे सात मीटर उंच, त्यानंतर तीनेकशे वर्षांनी आल्या. म्हणजे दर्शनी भिंतीवरची दांपत्ये, आतला स्तूप आणि बाहेरचे हे दोन बुद्ध एका काळाचे नाहीत. मूळ चैत्यगृहात पूजेचे केंद्र स्तूप होता. पुढच्या पिढ्यांनी त्याच वास्तूत मानवी रूपातला बुद्ध आणला, आणि आणखी पुढे एक्केचाळीस क्रमांकाच्या लेण्यात अकरा मुखांचा अवलोकितेश्वर, म्हणजे करुणेचा बोधिसत्त्व, आला. सोळाव्या शतकात पोर्तुगीज पाद्र्यांनी याच चैत्यगृहाचे चर्च केले. त्याआधी, अकराव्या शतकात, इथे येऊन गेलेल्या पारशी यात्रेकरूंनी नव्वद क्रमांकाच्या लेण्यात पहलवी भाषेत आपली नावे कोरली. एका डोंगरावर एवढे थर साचले आहेत आणि शाळेच्या सहलीतल्या मुलांना तिथे जे करायला मिळते ते म्हणजे चैत्यगृहात ओरडून आवाज घुमतो का ते पाहणे. मी हे पाहिले आहे आणि त्यात मुलांचा काही दोष मला दिसला नाही. त्यांच्याबरोबर आलेल्या शिक्षकांना तरी ते खांब कोणी दाखवले होते?

कान्हेरीला निदान तिकीट आहे, पहारा आहे, नाव आहे. माझ्या मते खरी कसोटी लोनाडची आहे. भिवंडी आणि कल्याण यांच्या मधल्या पट्ट्यातल्या एका टेकडीत हे लेणे आहे. ते इसवी सनाच्या सहाव्या शतकाच्या आसपासचे मानतात. ते एक विहार आहे आणि तेही अपुरे राहिलेले. ओसरीच्या खांबांवरच्या पट्टीत लहान लहान आकृतींचे गट कोरले आहेत, आणि एका बाजूच्या भिंतीवर मोठे शिल्प आहे: आसनावर बसलेला राजपुरुष आणि त्याच्याभोवती स्त्रीपुरुषांचा परिवार. आकृत्यांचे नाकडोळे झिजले आहेत, तरी बसण्याची ढब, कलते अंग आणि हातांची ठेवण अजून कळते. जुन्या वर्णनांत याची नोंद राजा आणि त्याचा दरबार एवढीच होती. पुढे अभ्यासकांनी त्याचा संबंध वेस्संतर जातकाशी जोडला. शिवी देशाच्या या राजपुत्राने पाऊस आणणारा पांढरा हत्ती मागणाऱ्यांना देऊन टाकला, त्यापायी प्रजेच्या रागाने त्याला वनवास पत्करावा लागला, आणि वनात त्याने आपली जाली आणि कण्हाजिना ही मुलेही दान केली. गौतम बुद्धाच्या मागच्या जन्मांच्या कथांतली ही सर्वांत मोठी दानकथा, आणि ती कोरली गेली आहे अशा प्रदेशात, जिथले सोनार आणि लोहार दान देऊन आपले नाव दगडात ठेवत होते. ही सांगड लोनाडला पाय ठेवणाऱ्या प्रत्येकाला कळायला हवी, कारण ती कळली की झिजलेल्या चेहऱ्यांची ती भिंत एकदम बोलू लागते.

भिवंडी तालुक्याचे रूप गेल्या काही वर्षांत किती झपाट्याने बदलले हे महामार्गावरून जाणाऱ्या कोणालाही दिसते. शेते गेली आणि गोदामांची लांबच लांब छपरे आली. त्या गोदामांमुळे हजारो घरे चालतात आणि मी त्यांच्या विरोधात नाही. पण जिथे मुरुमासाठी टेकड्या कापल्या जातात, तिथे एखाद्या टेकडीत काय आहे हे आजूबाजूच्या चार गावांना, तलाठ्याला, कंत्राटदाराला आणि डंपर चालवणाऱ्याला माहीत असणे हेच तिचे पहिले संरक्षण असते. प्राचीन स्मारकांविषयीचा केंद्राचा १९५८ चा कायदा आणि राज्याचा १९६० चा कायदा आपापल्या जागी आहेत. केंद्रसंरक्षित स्मारकापासून शंभर मीटरपर्यंत बांधकामाला बंदी आणि त्यापुढच्या दोनशे मीटरांत नियंत्रण, ही तरतूदही २०१० पासून कायद्यात आहे. कायदा मात्र बहुधा नुकसान झाल्यावर जागा होतो. नुकसान होऊ न देण्याचे काम माहितीच करू शकते.

इथे एक नाजूक प्रश्न आहे आणि तो टाळून हा विषय पुरा होत नाही. लोनाडच्या लेण्यात गावकरी खंडेश्वरी देवीला भजतात. असे एकट्या लोनाडलाच घडलेले नाही. सह्याद्रीतल्या कितीतरी लेण्यांमध्ये, भिक्षुसंघ गेल्यानंतर, आसपासच्या लोकांची दैवते आली आणि त्यांनीच त्या रिकाम्या दगडांना शतकानुशतके माणसांची ये-जा दिली. दुसरीकडे, १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर ज्या समाजाने बुद्धाचा वारसा पुन्हा आपला केला, त्याची या लेण्यांवर श्रद्धा आहे आणि त्या श्रद्धेमागे इतिहासाचे बळ आहे. बुद्धपौर्णिमेला कान्हेरीला आणि सोपाऱ्याच्या स्तूपाला येणारी कुटुंबे हौस म्हणून येत नाहीत. वारशावरच्या चर्चासत्रांत मात्र या कुटुंबांना बोलावले जात नाही, आणि हा अन्याय आहे असे मी स्पष्टपणे म्हणेन. ज्यांना ही वास्तू पूज्य वाटते त्यांच्याइतका तिचा चांगला राखणदार दुसरा मिळणार नाही.

मग देवीचे काय? चालत आलेली पूजा उठवावी असे मला मुळीच वाटत नाही. गावाच्या देवीला हात लावून इतिहासाची दुरुस्ती होत नाही, उलट गाव आणि लेणे यांची कायमची फारकत होते. पण पूजा चालू ठेवणे आणि मूळ ओळख पुसणे यांत फरक केला पाहिजे. कोरीव आकृतींवर शेंदूर किंवा ऑइल पेंट चढू नये, फरशा बसवण्यासाठी मूळ खडक फोडला जाऊ नये, ओसरीत नवा ओटा बांधला जाऊ नये आणि हे लेणे बौद्ध विहार म्हणून कोरले गेले ही गोष्ट ठसठशीत अक्षरांत तिथे लिहिलेली असावी. एवढे झाले तर देवीच्या भक्ताचे काही जात नाही आणि बौद्ध यात्रेकरूला आपल्याच वास्तूत परके वाटत नाही. दोन्ही बाजूंची समजूतदार माणसे हे मान्य करतील, अशी माझी खात्री आहे. अडचण एवढीच आहे की त्यांना एकत्र बसवणारे कोणी नाही, आणि ही जागा रिकामी राहिली की ती भडक बोलणारे भरून काढतात.

माहिती पसरली तर गर्दी वाढेल आणि गर्दीने लेणी खराब होतील, हा आक्षेप मी अनेक जाणत्या लोकांकडून ऐकला आहे. तो पोकळ नाही. दगडावर नावे खरडणारी माणसे मीही पाहिली आहेत. तरीही हा युक्तिवाद मला पटत नाही, कारण खरडलेली नावे कमी ओळखीच्या लेण्यांतही तितकीच आढळतात. अज्ञातपणाने लेण्यांना वाचवल्याचे दिसत नाही. गर्दी तर येणारच आहे. ठाणे आणि बोरिवली यांना जोडणाऱ्या ११.८ किलोमीटरच्या जुळ्या बोगद्याचे काम संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाखालून होत आहे. तो खुला झाला की घोडबंदरचा वळसा संपेल आणि ठाण्यातून कान्हेरी अगदी हाकेच्या अंतरावर येईल. तेव्हा येणारे लोक बघे म्हणून यावेत की वाचक म्हणून, हे आताच्या तयारीवर ठरेल.

तयारी कशी करावी याचा एक धडा सोपाऱ्याने घालून दिलेला आहे. १८८२ साली पुरातत्त्वज्ञ पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तिथल्या ‘बुरुड राजाचा कोट’ नावाच्या टेकाडाचे, म्हणजे जुन्या स्तूपाचे, उत्खनन केले. स्तूपाच्या पोटातून दगडी करंडक निघाला. त्यात एकात एक ठेवलेल्या डब्या, भिक्षापात्राचे मानले गेलेले तुकडे, सोन्याची फुले, यज्ञश्री सातकर्णीचे चांदीचे नाणे आणि बुद्धांच्या आठ छोट्या कांस्यमूर्ती होत्या. त्याच साली अशोकाच्या आठव्या शिलाशासनाचा तुकडा सोपाऱ्यात सापडला आणि नवव्याचा तुकडा १९५६ साली जवळच्या भुईगावात. भगवानलालांनी मिळेल ती प्रत्येक वस्तू मोजली, तिची जागा नोंदवली, लेखांचे ठसे घेतले आणि सगळे छापून लोकांपुढे ठेवले. त्याच्या उलटही घडलेले आहे. १८३९ साली कान्हेरीच्या चैत्यगृहासमोरच्या स्तूपांमध्ये एक ताम्रपट मिळाला, त्रैकूटक राजघराण्याच्या काळातला, त्यांच्या संवताच्या २४५ व्या वर्षाचा. तो मूळ ताम्रपट आज उपलब्ध नाही. त्यातला मजकूर आपल्याला माहीत आहे तो त्या वेळी त्याची प्रत छापली गेली म्हणून.

या अनुभवावरून पहिले काम कोणते हे उघड आहे. लोनाडच्या शिल्पांचे आणि कान्हेरीच्या प्रत्येक लेखाचे आज आहे त्या स्थितीत त्रिमितीय छायाचित्रण व्हावे आणि ते कोणालाही पाहता यावे. पावसाने, शेवाळाने आणि वटवाघळांच्या विष्ठेने दगड झिजतोच. दहा वर्षांनी काय उरले आणि काय गेले हे सांगायला आजची नोंद हवी. दुसरे काम शहरांचे आहे. संरक्षित हद्दीत महापालिकांना हात घालता येत नाही, हे खरे. पण कल्याण स्थानकाबाहेरच्या मोकळ्या भिंतीवर सामिदत सोनाराचा लेख मूळ ब्राह्मी अक्षरांत आणि खाली मराठीत लावायला कोणाची ना आहे? ठाण्यात तलावपाळीच्या काठावर पुल्लशक्तीच्या काळातला तो लेख प्रतिकृतीच्या रूपात का उभा नसावा? नवी मुंबईला आपण सिडकोने वसवलेले शहर म्हणतो आणि तिला गतकाळ नाही असे धरून चालतो. पण तिच्या किनाऱ्यावरून समोर दिसणाऱ्या घारापुरीच्या पूर्वेकडील टेकडीवर विटांच्या स्तूपाचे अवशेष आहेत, आणि या खाड्यांतूनच कल्याणचा व्यापार समुद्राला मिळत असे. तिथल्या शाळांना हा इतिहास परका नाही.

मराठीला ऑक्टोबर २०२४ मध्ये अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. त्या मागणीमागे सह्याद्रीतल्या प्राकृत शिलालेखांचा पुरावा होता, आणि त्यातला सर्वांत गाजलेला, नाणेघाटातला सातवाहन राणी नागनिकेचा लेख, कल्याणहून जुन्नरकडे चढणाऱ्या वाटेवर आहे. दर्जा मिळाल्याचे सोहळे झाले, पताका लागल्या, भाषणे झाली. ज्या लेखांनी तो मिळवून दिला त्यांची अक्षरे ओळखू शकणारी माणसे मात्र प्रत्येक तालुक्यात बोटांवर मोजण्याइतकीही नाहीत. ब्राह्मी ही काही गूढ लिपी नाही. चौकस विद्यार्थी काही आठवड्यांच्या सरावाने तिची मूळ अक्षरे ओळखू लागतो, हे लिपीचे वर्ग घेणाऱ्यांना ठाऊक आहे. भाषा दिनाच्या खर्चातला थोडासा वाटा अशा वर्गांकडे वळवता येईल. लोनाडच्या आसपासच्या गावांतली दहावी-बारावी झालेली मुलेमुली या वर्गात शिकली, आलेल्या माणसाला लेणे समजावून सांगू लागली आणि त्यासाठी त्यांना रीतसर मानधन मिळाले, तर त्या टेकडीला वेगळा पहारेकरी नेमावा लागणार नाही. ग्रामपंचायतीने ठराव करावा, जिल्हा परिषदेने मानधनाची तरतूद करावी, पुरातत्त्व खात्याने मजकूर तपासून द्यावा आणि बौद्ध संघटना व देवीची गावकी या दोघांचेही प्रतिनिधी त्या समितीत असावेत. यातल्या कशालाही नवा कायदा लागत नाही.